जीव जन्मला तेव्हा दगड काय करत होते?

१९५३ साली शिकागो विद्यापीठात स्टॅन्ली मिलर या तरुण विद्यार्थ्याने हॅरॉल्ड युरी यांच्या मार्गदर्शनाखाली एक प्रयोग केला. काचेच्या बंदिस्त उपकरणात त्याने पाणी उकळत ठेवले, त्याच्या वाफेत मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन हे वायू मिसळले आणि त्या मिश्रणातून आठवडाभर विजेच्या ठिणग्या पाडल्या. आठवड्याच्या शेवटी पाण्याचा रंग पालटला होता आणि त्यात ग्लायसिन, ॲलनिन यांसारखी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांच्यापासून बांधली जातात ते रेणू, तयार झालेले सापडले. निर्जीव वायूंपासून सजीवांच्या घटकांकडे जाणारी वाट प्रयोगशाळेत दिसू शकते, हे या प्रयोगाने प्रथमच ठसठशीतपणे दाखवले आणि तो शाळेच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला.

या प्रयोगात वायू कोणते, पाणी किती, ठिणगी कशी, या सगळ्यांचा हिशेब ठेवला गेला; ज्या भांड्यात हे सारे घडले त्या भांड्याचा हिशेब मात्र बराच काळ कोणी मांडला नाही. २०२१ मध्ये स्पेन आणि इटलीतील संशोधकांनी हाच प्रयोग तीन प्रकारे पुन्हा केला : एकदा काचेच्या भांड्यात, एकदा टेफ्लॉनच्या भांड्यात आणि एकदा टेफ्लॉनच्या भांड्यात काचेचे तुकडे टाकून. नुसत्या टेफ्लॉनमध्ये सेंद्रिय रेणूंचे प्रकारही कमी निघाले आणि प्रमाणही कमी. काचेचे तुकडे टाकल्यावर ते वाढले आणि संपूर्ण काचेच्या भांड्यात सर्वाधिक रेणू मिळाले. अमोनियामुळे अल्कधर्मी झालेले पाणी काच हळूहळू झिजवते, काचेतील सिलिका पाण्यात उतरते आणि झिजून खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर रेणूंना एकमेकांशी जुळायला जागा मिळते. काच म्हणजे मुळात वितळवलेली वाळूच. म्हणजे मिलरच्या त्या प्रसिद्ध प्रयोगात दगडाचा एक वंशज पहिल्या दिवसापासून काम करत होता.

जीवसृष्टीच्या उगमाविषयी आपण जेव्हा बोलतो तेव्हा बहुधा पाणी, हवा आणि वीज यांच्याबद्दल बोलतो. खनिजे पार्श्वभूमीला राहतात. या लेखात त्यांच्याकडे पाहायचे आहे, कारण गेल्या पाऊणशे वर्षांत जमलेला पुरावा पाहता त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही, असे मला वाटते. खनिज म्हणजे निसर्गात घडलेला, ठरावीक रासायनिक घडण असलेला आणि अणूंची नियमित मांडणी असलेला घन पदार्थ; अशा एक वा अनेक खनिजांचा मिळून खडक बनतो. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे आणि सजीवांच्या खुणा पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. या दोन टोकांच्या मध्ये कधीतरी, कोठेतरी, निर्जीव रसायनांतून स्वतःची नक्कल करू शकणारे आणि स्वतःला टिकवून धरणारे काहीतरी उभे राहिले.

ते उभे राहण्यातली मुख्य अडचण पाण्याचीच आहे, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ मध्ये आदिम समुद्राची कल्पना सेंद्रिय रेणूंचे उष्ण, पातळ सूप अशी केली होती. (हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि इथलेच नागरिक झाले.) त्या सुपातला ‘पातळ’ हा शब्दच अडचणीचा आहे, कारण समुद्राएवढ्या पाण्यात रेणू इतके विखुरलेले असतील की दोन योग्य रेणूंची गाठ पडणे दुर्मीळ. त्यातून गाठ पडलीच तरी दुसरी अडचण उभी राहते. अमिनो आम्लांची साखळी होऊन प्रथिन बनते किंवा न्यूक्लिओटाइडांची साखळी होऊन आनुवंशिक माहिती वाहणारा आरएनए बनतो, तेव्हा प्रत्येक सांध्यापाशी पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो. चहूबाजूंनी पाणीच पाणी असताना सांध्यातून पाणी बाहेर काढायचे म्हणजे मुसळधार पावसात अंगणात कपडे वाळत घालण्यासारखे आहे. जुळलेला सांधाही अशा ठिकाणी हळूहळू सुटतो. शिवाय यातले बरेच रेणू नाजूक असतात आणि उष्णतेत किंवा अतिनील किरणांत फार काळ तग धरत नाहीत. रेणू गोळा करणे, त्यांना पाण्यापासून थोडे बाजूला घेणे आणि जुळलेले जपून ठेवणे, ही तीन कामे कोणीतरी करायला हवी होती.

१९४७ मध्ये लंडनमधील एका व्याख्यानात भौतिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी या कामांसाठी चिकणमातीचे नाव सुचवले. नॉर्वेतील भूरसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर गोल्डश्मिट यांच्याही मनात त्याच सुमारास असेच विचार होते. त्यांचे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये छापले गेले. बर्नाल यांचे म्हणणे साधे होते : चिकणमातीच्या बारीक कणांवर सेंद्रिय रेणू चिकटतात, त्यामुळे पातळ पाण्यातूनही ते एका जागी साठतात आणि साठले की एकमेकांशी जुळू शकतात.

ही माती कशी असते हे मराठी वाचकाला प्रयोगशाळेत जाऊन पाहण्याची गरज नाही. मराठवाड्यात किंवा विदर्भात एप्रिल-मे महिन्यात काळ्या रानात उभे राहावे. जमिनीला पडलेल्या भेगा इतक्या रुंद असतात की त्यांत हात जातो आणि काठी घातली तर ती सहजी बुडाला टेकत नाही. पहिला चांगला पाऊस झाला की त्याच भेगा मिटतात, जमीन फुगून वर येते आणि चालताना पायाला चिखलाचे गोळे चिकटतात. काळीत घर बांधायचे तर मुरूम लागेपर्यंत पाया खणावा लागतो, नाहीतर जमिनीच्या या फुगण्या-आक्रसण्याने भिंतींना तडे जातात, हे गावातला प्रत्येक गवंडी सांगतो. या मातीचे वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यातील पाण्यात हलकेच सोडून पाहावे. आधी बारीक बुडबुडे निघतात, मग ढेकळाच्या कडा सुटू लागतात आणि थोड्या वेळात ते पापुद्र्यापापुद्र्याने कोसळून तळाशी मऊ गाळ बसतो. तो ढवळला तर पाण्याचा गढूळपणा तासन्‌तास खाली बसत नाही.

या साऱ्यामागे मॉन्टमोरिलोनाइट आणि त्याच्या भावकीतील खनिजे आहेत. मॉन्टमोरिलोनाइटची रचना अत्यंत पातळ पापुद्र्यांची असते. एका पापुद्र्याची जाडी सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहालाखावा भाग. प्रत्येक पापुद्र्यात सिलिकाच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांचा एक थर दाबून बसवलेला असतो. मधल्या थरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते आणि त्यामुळे पूर्ण पापुद्र्यावर ऋण विद्युतभार उरतो. तो भार संतुलित करण्यासाठी दोन पापुद्र्यांच्या फटीत सोडियम, कॅल्शियम यांचे धनभारित आयन येऊन बसतात आणि त्यांच्या ओढीने पाणीही आत शिरते. पाणी शिरले की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात आणि जमीन फुगते. पाणी गेले की ते जवळ येतात आणि जमीन भेगाळते. एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटचे सगळे पापुद्रे उलगडून पसरले तर पृष्ठभाग ७०० चौरस मीटरच्या पुढे जातो. कबड्डीचे मैदान १३० चौरस मीटरचे असते. म्हणजे चिमूटभर मातीत अशी पाच मैदाने घडी करून ठेवलेली असतात.

आपल्या काळ्या मातीचा जीवाच्या उगमाशी थेट संबंध मात्र नाही. ती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली आणि तो बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे या गोष्टीच्या मानाने अगदी कालपरवाचा आहे. पण आदिम पृथ्वीवरही बेसॉल्टसारखेच ज्वालामुखीजन्य खडक आणि राख होती, पाणी होते, आणि अशा खडकांवर पाण्याची क्रिया झाली की याच जातीची चिकणमाती बनते. तेव्हा अशी माती तिथे असणार, हे मानायला चांगला आधार आहे.

बर्नाल यांच्या सूचनेला प्रयोगाचा भक्कम आधार दिला तो अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक संस्थेच्या जेम्स फेरिस यांनी. त्यांनी आरएनएचे सुटे घटक मॉन्टमोरिलोनाइटच्या सान्निध्यात ठेवले आणि ते जुळून साखळ्या होताना दाखवले. १९९६ मध्ये त्यांनी लेस्ली ऑर्गेल आणि इतर सहकाऱ्यांसोबत प्रसिद्ध केलेल्या कामात मातीला रोज थोडे थोडे ताजे घटक पुरवत राहिल्यावर साखळी ५० घटकांच्या पुढे वाढत गेली. त्याच कामात इलाइट आणि हायड्रॉक्सिॲपेटाइट या खनिजांवर अमिनो आम्लांच्याही तितक्याच लांब साखळ्या मिळाल्या. साध्या पाण्यात, खनिजाविना, हे घटक फार तर दोन-चार जुळतात. पापुद्र्यांच्या फटीत रेणू एका प्रतलात, ठरावीक अंतरावर आणि ठरावीक बाजूने बसतात; ओळीत बसवलेल्या माणसांना एकमेकांचे हात धरणे जसे सोपे जाते, तसेच इथे घडते.

२००३ मध्ये जॅक शोस्टाक यांच्या प्रयोगशाळेने याच मातीचे आणखी एक काम उघड केले, आणि माझ्या मते या विषयातला तो सर्वांत देखणा प्रयोग आहे. मेदाम्ले पाण्यात योग्य परिस्थितीत आपोआप एकत्र येऊन सूक्ष्म पोकळ पिशव्या तयार करतात आणि पेशीच्या आवरणाचे ते अतिशय साधे रूप मानता येते. या मिश्रणात मॉन्टमोरिलोनाइट टाकल्यावर पिशव्या तयार होण्याचा वेग सुमारे १०० पटींनी वाढला. शिवाय मातीच्या कणांवर आधी आरएनए चिकटवून ठेवला असेल तर तो कण आरएनएसह पिशवीच्या आत अडकलेला दिसला. म्हणजे जी माती आरएनएची साखळी जोडायला मदत करते, तीच त्या साखळीला घेऊन आवरणात जाऊन बसते. सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेल्या चित्रांत आरएनएला लावलेला चमकता रंग पिशवीच्या पोटात स्पष्ट दिसतो. ती पेशी नव्हे. पण पेशीत जे दोन घटक एकत्र असावे लागतात, माहिती आणि आवरण, ते एका चिमूटभर मातीमुळे एका जागी आले.

या यशाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हव्यात. फेरिस यांनी वापरलेले घटक साधे न्यूक्लिओटाइड नव्हते. त्यांना एक रासायनिक जोड देऊन आधीच उत्सुक, प्रतिक्रियेला तयार केलेले होते, आणि आदिम पृथ्वीवर असे तयार घटक कोठून आले याचे उत्तर मातीजवळ नाही. सगळ्याच मॉन्टमोरिलोनाइटला हे काम जमते असेही नाही. वेगवेगळ्या खाणींतील नमुन्यांपैकी मोजकेच चांगले उत्प्रेरक ठरतात. आणि मातीला घट्ट चिकटलेला रेणू पुढे सुटायलाही हवा, नाहीतर साखळी तयार होऊन ती तिथेच गाडली जाईल. अशा ठिकाणी ओलावा आणि कोरडेपणा यांचा फेर उपयोगी पडतो. डबके आटते तेव्हा पाणी कमी होऊन सांधे जुळतात, पुन्हा भरते तेव्हा रेणू सुटून नवी मांडणी करतात. पुण्याच्या आयसर संस्थेत सुधा राजमणी यांची प्रयोगशाळा अशाच ओल्या-कोरड्या फेऱ्यांत आदिम रेणूंचे काय होते यावर अनेक वर्षे काम करत आहे.

चिकणमातीविषयीची सर्वांत धाडसी कल्पना ग्लासगोच्या ग्रॅहम केर्न्स-स्मिथ यांची. त्यांनी १९६६ पासून असे मांडले की पहिले जनुक मातीचेच होते. स्फटिक वाढताना त्याच्या थरांतील दोषांची नक्षी पुढच्या थरात उतरते आणि हीच आनुवंशिकता, आरएनएने ही जागा नंतर घेतली. कल्पना म्हणून ती मोहक आहे आणि तिने अनेकांना विचार करायला भाग पाडले. पण २००७ मध्ये दुसऱ्या एका पदार्थाच्या स्फटिकांवर या तत्त्वाची थेट चाचणी घेतली गेली तेव्हा जुन्या दोषांच्या नक्षीत नव्या दोषांची इतकी भर पडत गेली की नक्कल विश्वासार्ह राहिली नाही. मातीने मदत केली हे मला पटते. माती स्वतःच पूर्वज होती, याला आज आधार नाही.

आतापर्यंतचे सगळे उथळ पाण्याच्या काठी घडले. खनिजांचा दुसरा पक्ष समुद्राच्या तळाशी आहे आणि त्याचा मुख्य धागा लोह व गंधक यांचा. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ खोल समुद्रात उष्ण पाण्याचे झरे प्रथम पाहण्यात आले आणि १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिकमध्ये सुमारे ३५० अंश सेल्सिअस तापमानाचे, काळा धूर ओकल्यासारखे दिसणारे झरे सापडले. तो धूर म्हणजे लोह आणि इतर धातूंच्या सल्फाइडांची, म्हणजे गंधकाशी झालेल्या संयुगांची, भुकटी. १९८८ मध्ये गुंटर व्हेश्टर्सहॉयझर यांनी मांडले की लोहाचे सल्फाइड हायड्रोजन सल्फाइडशी संयोग पावून पायराइट बनते तेव्हा जी ऊर्जा आणि जे इलेक्ट्रॉन मोकळे होतात, त्यांच्या बळावर कार्बनचे साधे वायू सेंद्रिय रेणूंत बदलले असतील. पायराइट म्हणजे सोन्यासारखे पिवळे चमकणारे ते खनिज, ज्याने अनेकांना सोने सापडल्याचा भास करून दिला. व्हेश्टर्सहॉयझर व्यवसायाने म्युनिकमधील पेटंटचे वकील होते, रसायनशास्त्राची पदवी मात्र त्यांच्याकडे होती. १९९७ मध्ये त्यांनी क्लाउडिया हुबर यांच्यासोबत लोह-निकेलच्या सल्फाइडावर कार्बन मोनॉक्साइडपासून ॲसिटिक आम्लाचे सक्रिय रूप मिळवून दाखवले. स्टॅन्ली मिलर यांना हे सगळे पटत नव्हते. इतक्या उष्ण पाण्यात नाजूक रेणू बनण्यापेक्षा मोडतील अधिक, हा त्यांचा आक्षेप होता आणि काळ्या झऱ्यांपुरता तो रास्त आहे.

भूशास्त्रज्ञ मायकेल रसेल यांनी त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या झऱ्यांकडे लक्ष वेधले : कमी उष्ण आणि अल्कधर्मी. आयर्लंडमधील एका खाणीत त्यांना पायराइटच्या, आतून पोकळ, बारीक नळ्यांचे अवशेष सापडले होते आणि त्यावरून त्यांनी असे झरे आदिम समुद्रात असतील असे सांगितले. डिसेंबर २००० मध्ये मध्य अटलांटिकच्या तळाशी असे झरे प्रत्यक्ष सापडले. ‘लॉस्ट सिटी’ असे नाव पडलेल्या त्या जागी पांढुरके मनोरे ६० मीटरपर्यंत उंच आहेत, त्यांतून झिरपणारे पाणी ४० ते ९० अंशांचे आणि त्याचा सामू ९ ते ११ आहे.

या झऱ्यांमागची भट्टी ऑलिव्हिन या हिरवट खनिजाची आहे. समुद्राचे पाणी तळाच्या खडकांत शिरून ऑलिव्हिनला भेटते, ऑलिव्हिनमधील लोह गंजते, आणि त्यातून सर्पेंटाइन व मॅग्नेटाइट ही खनिजे आणि हायड्रोजन वायू तयार होतो. हायड्रोजन म्हणजे रासायनिक इंधन. ते बाहेर येते तेव्हा त्याची गाठ कार्बन डायऑक्साइड विरघळलेल्या, किंचित आम्लधर्मी असलेल्या आदिम समुद्राशी पडते आणि दोघांच्या मध्ये मनोऱ्याची सच्छिद्र, बारीक खणांची खनिज भिंत असते. भिंतीच्या आम्लधर्मी बाजूला प्रोटॉन जास्त, अल्कधर्मी बाजूला कमी. आज आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी पटलाच्या दोन बाजूंना असाच फरक निर्माण करून त्याच्या ओघावर ऊर्जा तयार करते, हे पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडले आणि त्यासाठी त्यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीला जो फरक कष्टाने निर्माण करावा लागतो तो त्या भिंतीला आयता मिळत होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांना १०० अंशांच्या आसपास पाण्यात, मॅग्नेटाइट, लोह-गंधकाचे ग्रेगाइट आणि निकेल-लोहाचे अवारुआइट या खनिजांवर एकत्र ठेवले असता रातोरात फॉर्मेट, ॲसिटेट आणि पायरुव्हेट मिळाले. पायरुव्हेट हे नाव दहावी-बारावीला जीवशास्त्र शिकलेल्यांना आठवेल. ग्लुकोज मोडताना आपल्या पेशीत तेच बनते.

या पक्षाच्या बाजूचा मला सर्वांत वजनदार वाटणारा पुरावा समुद्रतळाशी सापडलेला नाही, तो आपल्याच अंगात आहे. अनेक विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, गाभ्यात लोह आणि गंधक यांचे लहानसे पुंजके असतात. त्यांपैकी एका नेहमीच्या प्रकारात लोहाचे चार आणि गंधकाचे चार अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर बसलेले असतात. ग्रेगाइटच्या स्फटिकात हीच घडण सापडते. मायटोकॉन्ड्रियात अन्नातील इलेक्ट्रॉन पुढे नेणारा जो पहिला मोठा प्रथिनसंच आहे, त्यात माणसाच्या बाबतीत लोह-गंधकाचे आठ पुंजके आहेत, त्यांपैकी सात ओळीने आहेत आणि इलेक्ट्रॉन त्यांच्यावरून पायऱ्या उतरल्यासारखे जातात. प्रथिनाचा पुष्कळसा भाग या पुंजक्यांना धरून ठेवण्यासाठी आणि ऑक्सिजनपासून वाचवण्यासाठी असतो. ज्या सूक्ष्मजीवांची चयापचयाची पद्धत अतिप्राचीन मानली जाते, त्यांत कार्बन डायऑक्साइडपासून ॲसिटेट बनवणाऱ्या विकराचा गाभा निकेल, लोह आणि गंधक यांचाच आहे. खनिजाचे काम प्रथिनाने उचलले, पण उचलताना खनिजाचा तुकडा सोबत घेतला, असा याचा अर्थ लावायला मला संकोच वाटत नाही.

आता फॉस्फेटकडे वळू, कारण इथे गोष्ट आपल्या अंगणात येते. डीएनए आणि आरएनए यांचा कणा फॉस्फेटचा, पेशीतील ऊर्जेचे चलन असलेला एटीपी फॉस्फेटचा, पेशीपटलातही फॉस्फेट. पण निसर्गात फॉस्फरस मुख्यतः ॲपेटाइट या कॅल्शियमयुक्त खनिजात कोंडलेला असतो आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आपले दात त्याच कुळातील खनिजाचे बनलेले आहेत. आयुष्यभर पाणी पिऊन ते विरघळत नाहीत, यावरून अंदाज यावा. कॅल्शियम जिथे भेटेल तिथे फॉस्फेटला धरून तळाशी बसवतो. मग पहिल्या आरएनएला फॉस्फेट मिळाले कसे, हा प्रश्न कित्येक दशके अडून राहिला होता.

एक उत्तर उल्कांतून येते. लोहयुक्त उल्कांत श्रायबरसाइट हे लोह, निकेल व फॉस्फरसचे खनिज असते. ते पाण्यात पडले की फॉस्फरसची अधिक विद्राव्य संयुगे सुटतात, हे मॅथ्यू पासेक यांनी दाखवले. वीज पडून वितळलेल्या मातीतही हे खनिज सापडले आहे. दुसरे उत्तर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जोनाथन टोनर आणि डेव्हिड कॅटलिंग यांनी २०१९ च्या अखेरीस दिले, आणि ते मला अधिक सरळ वाटते. सोडियम कार्बोनेटने भरलेल्या, बाहेर वाट नसलेल्या सरोवरांत कॅल्शियमला कार्बोनेट आधी पकडते आणि त्याची चुनखडी होऊन तळाशी बसते. फॉस्फेटला पकडायला कॅल्शियम उरतच नाही, म्हणून फॉस्फेट पाण्यात साठत जाते. अशा काही सरोवरांत ते समुद्राच्या पाण्याच्या तब्बल ५०,००० पटींपर्यंत आढळते. त्यांनी विचारात घेतलेल्या सरोवरांत कॅलिफोर्नियातील मोनो आणि केनियातील मगाडी यांच्याबरोबर बुलढाणा जिल्ह्यातील लोणारही आहे.

लोणारचे विवर उल्कापाताने बेसॉल्टात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. काठावरून झाडीतून उतरत गेले की तळाशी हिरवट, संथ पाणी लागते, उग्र दर्प येतो आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की कडेला पांढऱ्या क्षारांची साय धरते. पाण्याचा सामू १० च्या आसपास आहे आणि ते दोन बोटांत चोळले तर साबणाच्या पाण्यासारखे बुळबुळीत लागते. इथले क्षार पूर्वी गोळा केले जात. त्यांच्या प्रतींना पापडी, दल्ला अशी स्थानिक नावे होती आणि या परिसरात काच व साबण बनवण्याचे साहित्य मिळते अशी नोंद आईन-ए-अकबरीतही आहे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा त्यामागे खारटपणा आवडणारे सूक्ष्मजीव असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. आजचे लोणार सजीवांनी गजबजलेले आहे आणि ते सजीव फॉस्फेट खाऊन टाकतात. जिथे खाणारे कोणी नव्हते अशा पृथ्वीवर, कार्बन डायऑक्साइडने दाट असलेल्या हवेखाली, ज्वालामुखीच्या खडकांत भरलेल्या अशाच सरोवरांत ते किती साठले असेल याची कल्पना करता येते. पावसाळ्यात भरणारे आणि उन्हाळ्यात आटणारे हे पाणी मघाच्या ओल्या-कोरड्या फेऱ्यालाही अनुकूल आहे. हे सगळे लिहिताना मनात येते की लोणारला आपण उल्केची जागा म्हणून सहली नेतो. तिथल्या पाण्याचा हा अर्थही मुलांना सांगायला हवा.

आरएनएमधील साखर रायबोज, आणि तिची कथा टाकणखाराशी जोडलेली आहे. सोनार डाग देताना धातू स्वच्छ राहावा म्हणून टाकणखार लावतो, तो बोरॉनचा क्षार. फॉर्माल्डिहाइडपासून शर्करा बनतात हे १८६१ पासून ठाऊक आहे, पण ही प्रतिक्रिया थांबत नाही. शेकडो पदार्थ बनून शेवटी तपकिरी डांबरासारखा लगदा उरतो आणि रायबोज त्यात हरवते. तयार रायबोजही १०० अंशांना, उदासीन पाण्यात, ७३ मिनिटांत निम्मे संपते. २००४ मध्ये स्टीव्हन बेनर आणि सहकाऱ्यांनी या मिश्रणात कोलेमनाइट हे बोरॉनयुक्त खनिज घातले तेव्हा ते तपकिरी झाले नाही, कारण बोरेट रायबोजला दोन्ही हातांनी धरल्यासारखे बांधून ठेवते आणि पुढे बिघडू देत नाही.

पण इथे एक कसोटी लावावी लागते आणि ती खनिजशास्त्रज्ञ रॉबर्ट हेझन यांनी हाती दिली. आज सुमारे ६,००० खनिजे ज्ञात आहेत, पण ती सगळी सुरुवातीपासून नव्हती. २००८ मध्ये हेझन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्या वेळी ज्ञात असलेल्या सुमारे ४,३०० खनिजांपैकी दोन तृतीयांश खनिजांचे अस्तित्व प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे सजीवांमुळे आहे, मुख्यतः प्रकाशसंश्लेषणाने हवेत ऑक्सिजन आल्यामुळे. २०१३ मध्ये त्यांनी आदिम पृथ्वीवर असू शकणाऱ्या खनिजांची यादी केली तेव्हा ती सुमारे ४२० वर थांबली. ऑलिव्हिन, मॅग्नेटाइट, लोहाची सल्फाइडे, चिकणमाती ही त्या यादीत निर्धोकपणे बसतात. कोलेमनाइटसारख्या बोरेटांबद्दल वाद आहे, कारण विरळ बोरॉन एका जागी साठायला पुष्कळ काळ लागतो.

काही रेणूंची, डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन रूपे असतात. सजीवांतील अमिनो आम्ले डावी आणि शर्करा उजव्या का, या कोड्यातही खनिजे येतात. कॅल्साइटच्या स्फटिकाची एक बाजू डावे आणि तिच्या आरशातल्या प्रतिमेसारखी दुसरी बाजू उजवे ॲस्पार्टिक आम्ल अधिक धरते, हे हेझन यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले. निसर्गात दोन्ही बाजू सारख्याच आढळतात, त्यामुळे निवड एका जागी झाली तरी पृथ्वीभर एकच हात कसा ठरला हे त्यातून कळत नाही. अलीकडे चुंबकीय मॅग्नेटाइटच्या पृष्ठभागावर झालेले प्रयोग या बाबतीत अधिक आश्वासक आहेत.

आता डबके की समुद्रतळ, या वादात दोन्ही पक्षांचे संशोधक आपापल्या खनिजावर ठाम आहेत. मला वाटते की एका खनिजाने सगळे केले अशी अपेक्षाच चुकीची आहे; लोह-गंधकाने केलेले काम माती करू शकत नाही आणि मातीचे काम पायराइट. मात्र सगळी खनिजे एका ठिकाणी आणली की काम झाले, असेही नाही, आणि याचा पुरावा २४ सप्टेंबर २०२३ रोजी आकाशातून अमेरिकेतील युटाच्या वाळवंटात उतरला. ओसायरिस-रेक्स यानाने बेनू या लघुग्रहावरून आणलेले १२१.६ ग्रॅम नमुने बहुतांशी सर्पेंटाइन आणि चिकणमातीच्या खनिजांचे आहेत. त्यांत मॅग्नेटाइट आहे, लोहाची सल्फाइडे आहेत, फॉस्फेट आहे. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो आम्ले त्यांत आहेत, डीएनए व आरएनएचे पाचही नत्रयुक्त घटक आहेत, आणि खारे पाणी आटत गेल्यावर एकामागून एक बसलेले क्षार आहेत. त्या क्षारांत ट्रोना आहे. लोणारच्या काठावर जी पांढरी साय धरते, तिच्यातलाच हा क्षार. अमिनो आम्ले मात्र डावी-उजवी जवळजवळ सारखी आहेत आणि सजीवाची खूण कोठेही नाही. बेनू ज्या मोठ्या पिंडातून फुटून निघाला त्यातले ते पाणी आटले आणि बहुधा पुन्हा भरले नाही.